अपुऱ्या दिवसांचा जन्म, मोठेपणी एडीएचडी आणि मनाचं दुखणं: नागपूरकडचं कोणी आहे का इथे?

पेटीतली_पोर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म १९८९चा, नागपूरचाच. तिसाव्या आठवड्यात झाले, वजन तेराशे ग्रॅम. घरी पाहुणे आले की अजूनही 'ही आमची सातव्या महिन्याची, काचेच्या पेटीत ठेवली होती' अशीच ओळख होते. गेल्या वर्षी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवता न येण्याच्या आणि चंचलपणाच्या विकाराचं, निदान झालं. त्याआधी कॉलेजपासून माझ्या फायलीवर अँग्झायटी आणि मधूनमधून डिप्रेशन, एवढंच लिहिलेलं. गोळ्या सुरू, जरा बरं, बंद, पुन्हा सुरू. जन्म कितव्या आठवड्यातला, हे या सगळ्यात कोणी विचारलंच नाही. आत्ताच्या मॅडमनी विचारलं आणि पुढच्या वेळी आईला घेऊन या म्हणाल्या.

एडीएचडी म्हटलं की लोकांना बाकावर चढणारं पोरगं आठवतं. मी तशी कधीच नव्हते. शाळेत माझा कोणाला त्रास नव्हता. फक्त फळ्यावरचं उतरवून घेताना मधलाच परिच्छेद गायब असायचा, आणि पालकसभेत 'हुशार आहे, पण लक्ष नसतं' हे पहिलीपासून दहावीपर्यंत ऐकलं.

आता उदाहरण द्यायचं तर विजेचं बिल. पैसे खात्यात आहेत, ॲप मोबाइलमध्ये आहे. ॲप उघडते. ओटीपी येईपर्यंत एक मेसेज दिसतो, त्याला उत्तर देता देता कुकर आठवतो, स्वयंपाकघरात गेले की सिंकमधली भांडी दिसतात. रात्री अकराला लक्षात येतं की ओटीपी येऊन गेला. मग झोप नाही. बिल असतं हजाराच्या आतलं, पण 'एवढंही जमत नाही तुला' हे डोक्यात पहाटेपर्यंत चालतं. माझं डिप्रेशन बरंचसं असल्या बिलांतूनच साचत आलंय असं आता वाटायला लागलंय.

तर विचारायचं हे की अपुऱ्या दिवसांचे आणि आता तिशी-चाळिशीत असलेले इथे कोणी आहेत का? या दोन गोष्टींचा खरंच संबंध आहे, की मी ओढूनताणून जोडतेय? आणि आईशी कसं बोलायचं? तिला वाटतं मी तिला दोष देतेय.

तर्रीपोहा

ताई, राग मानू नका, पण बिल भरायचं विसरणं हा रोग असेल तर अख्खं महाल-इतवारी पेशंट निघते. आजकाल रील पाहून जो तो स्वतःले एडीएचडी लावून घेते. आमच्या आजीले आठ पोट्टे झाले, त्यातले दोघं सातव्या महिन्यातले. कापसात गुंडाळून चुलीजवळ ठेवले होते म्हणते. दोघंही मस्त शेती करून राह्यले. मोबाइल बाजूला ठेवा न बाप्पा, अर्धं दुखणं तिथंच जाते.

वाचनखूण

वाचतेय. चांगला विषय.

धंतोलीकर_काका

उभी हयात नवजात बाळांच्या विभागात गेली, आता निवृत्त आहे. म्हणून जरा सविस्तर.

तर्रीपोहा, तुमच्या आजीचे दोघं जगले यात आजीची हिंमत मोठी. पण त्या काळी जे जगले नाहीत त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही, म्हणून घरोघरी उदाहरणं सापडतात ती धडधाकटांचीच.

धागाकर्ती, ओढूनताणून नाही, संबंध आहे. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी जन्मलं ते मुदतपूर्व बाळ. त्यात ३२च्या आधीची वेगळी आणि २८च्या आधीची आणखी वेगळी, कारण जितकं लवकर तितका धोका जास्त. भारतात २०२० साली अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली, जगात सर्वांत जास्त. त्यातली बहुतेक ३४ ते ३६ आठवड्यांची असतात आणि बहुतेकांचं छान चालतं. अगदी लवकरच्या बाळांचं चित्र निराळं आहे. ब्रिटन-आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा 'एपिक्युअर' नावाचा पाठपुरावा झाला. अकराव्या वर्षी त्यांच्यात एडीएचडी ११.५ टक्के निघालं, त्यांच्या वर्गमित्रांत २.९ टक्के. नॉर्वेत २०१२ साली उलट्या बाजूनं पाहिलं: एडीएचडीचे उपचार घेणाऱ्या प्रौढांच्या जन्मनोंदी काढल्या. ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्यांना धोका १.३ पट निघाला, २८च्या आधीच्यांना ५ पट. तुम्ही मधल्या गटात येता.

पण गणित उलटं धरू नका. मुदतपूर्व जन्मलेल्या बहुतेकांना एडीएचडी होत नाही, आणि एडीएचडी असलेले बहुतेक लोक पूर्ण दिवसांचेच असतात. त्यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. घरात वडील, मामा, आत्या कोणी 'असेच' होते का, तेही बघा.

कारण थोडक्यात सांगतो. साधारण २४ ते ३२ आठवड्यांत मेंदूच्या आतला पांढरा भाग नाजूक अवस्थेत असतो. मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी तेव्हा कच्च्या असतात. प्राणवायू कमी पडला किंवा जंतुसंसर्गाची सूज आली की त्यांना आधी फटका बसतो. प्लास्टिक चढायच्या आत वायर जोडून टाकावी तसं होतं: दिवा लागतो, पण मधेच लुकलुकतो. म्हणून या मुलांचं एडीएचडी बहुधा शांत असतं. लक्ष न लागणं जास्त, धांगडधिंगा कमी; जोडीला घाबरटपणा आणि मित्र जोडायला अवघड जाणं. वर्गाला त्रास नाही, म्हणून कोणाच्या नजरेत येत नाही. तुम्ही लिहिलंय ते अगदी याच चालीचं आहे.

आईबद्दल एक. बाळाच्या फुप्फुसांसाठी लागणाऱ्या सरफॅक्टंट औषधाला अमेरिकेतच मंजुरी मिळाली ती १९९०ला. बाळंतपणाआधी आईला स्टिरॉइड देण्याचा न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांचा प्रयोग १९७२ला छापून आला होता, पण त्याचा सर्रास वापर १९९४नंतरचा. तुमच्या वेळी ऊब, नळीनं आईचं दूध आणि स्वच्छ हात, हेच मुख्य बळ. तेराशे ग्रॅमचं बाळ त्यावर तगलं. त्यात आईचं काय काय गेलं असेल ते आम्ही रोज पाहत होतो. माझ्यातर्फे सांगा तिला.

सुमन_मावशी

डॉक्टरसाहेब, शेवटचं वाचून डोळे भरून आले.

माझा मुलगा एकतिसाव्या आठवड्यातला, आता लग्न झालेला, बुटीबोरीला नोकरीला. त्याला घरी आणल्यावर रात्र रात्र नाकाशी बोट धरून श्वास बघायचे. ती भीती गेलीच नाही. सहलीला पाठवलं नाही. सायकल आठवीत दिली, तीही गल्लीपुरती. उन्हाळ्यात कूलरसमोरून उठू दिलं नाही. आजही पोचला का म्हणून रोज फोन करते. सून म्हणते, आई, यांना काही आठवत नाही कारण सगळं तुम्ही आठवून देता. किल्ली, डबा, गाडीचा विमा, खरंच सगळं मीच बघते. तर हे एडीएचडी म्हणायचं की माझं करणं?

धंतोलीकर_काका

मावशी, दोन्ही एकाच घरात नांदू शकतात. मरता मरता वाचलेल्या मुलाला आईबाप कायम नाजूकच समजतात आणि मग मूलही स्वतःला तसंच समजू लागतं, हे ग्रीन आणि सॉल्निट या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९६४ सालीच लिहून ठेवलंय. त्याला 'व्हल्नरेबल चाइल्ड सिंड्रोम' म्हणतात. पण काळजीमुळे एडीएचडी होत नाही. उलट तुम्ही किल्ली-डबा बघत राहिलात म्हणून ते इतकी वर्षं झाकलं गेलं असेल. लग्नानंतर, नाहीतर बदलीच्या गावी एकटं राहिल्यावर अशांचं एकदम कोलमडतं, ते यामुळेच. सूनबाईंचं निरीक्षण चांगलं आहे. तिला सोबत घेऊन मुलाला दाखवा.

हिंगणा_शिफ्ट

धागाकर्ती ताई, +१. मी २८ आठवड्यांचा, किलोच्या जरा वर होतो म्हणे. हिंगणा एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या कटिंग मशीनवर, आहो.

मशीनवर असलो की माझं लक्ष हलत नाही. टूल फिरून राह्यला, आवाज जरा बदलला की मले आधी समजते. पण शिफ्ट संपल्यावर रिपोर्ट लिहायचा म्हटलं की कागद पाहूनच घाम फुटते. सुपरवायझर म्हणे आळशी आहे. आळशी माणूस बारा तास उभा राहते का? घरी आल्यावर चिडचिड, मग बायकोशी भांडण, मग दोन दिवस तोंडातून शब्द नाही. शेवटी बायकोनंच नंबर लावला.

एक गोष्ट इथं सर्वांनी वाचा. गोळी लिहायच्या आधी डॉक्टरनं बीपी घेतलं तर १५०/९६. वय ३३. दंडाचा पट्टा बदलून पुन्हा घेतलं, तेवढंच. म्हणाले, आधी हे पाहू, मग ते. म्हणून एडीएचडीची गोळी उशिरा चालू झाली. त्यांनीही जन्माचं विचारलं होतं, तेव्हा समजलं नाही काहून विचारून राह्यले.

आणि मिथाइलफेनिडेट, म्हणजे ही एडीएचडीची गोळी, कोणत्याही दुकानात मिळत नाही. शेड्युल एक्समधलं, म्हणजे कडक नियमांच्या यादीतलं औषध आहे, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार दोन वर्षं ठेवून घेते. पहिल्यांदा गेलो तर दुकानदारानं मले खालून वर न्याहाळलं. आता चहा पाजते.

धंतोलीकर_काका

शाब्बास त्या डॉक्टरांची. मुदतपूर्व जन्मलेल्यांचा रक्तदाब मोठेपणी इतरांपेक्षा सरासरी जास्त असतो, हे अनेक देशांत दिसलंय. फरक थोडा असतो, पण एडीएचडीची गोळी नाडी आणि बीपी दोन्ही वाढवू शकते. ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेलं औषधसुद्धा. त्यामुळे सुरू करण्याआधी माप आणि डोस वाढेल तसं पुन्हा माप, यात हयगय नको. गोळीला घाबरायचं मात्र कारण नाही.

आणखी एक. स्वीडनमध्ये १९७३ ते १९८५ दरम्यान जन्मलेल्या सुमारे १३ लाख लोकांच्या नोंदी २०१२ साली तपासल्या गेल्या. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांना नैराश्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण २.९ पट आणि बायपोलरसाठी (कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी असा आजार) ७.४ पट होतं. दाखल होण्याची वेळ मुळात फार थोड्यांवर येते, म्हणून आकडा बघून घाबरू नका. पण कधी झोप न घेता चार-पाच दिवस अंगात वारं शिरल्यासारखं झालं असेल, पैसे उधळले असतील, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यावरून औषधाचा क्रम बदलतो.

तर्रीपोहा

काका, तुमचं सगळं वाचलं, आकडे बरोबर असतील. पण माझा मुद्दा जिथल्या तिथं आहे. नाव लागलं म्हणून बिल भरल्या जाते का?

पेटीतली_पोर

जाते भाऊ. ऑटोपे लावलं.

हसू नका. ऑटोपे काय असतं ते मला आधीही माहीत होतं. लावत नव्हते, कारण 'एवढं तरी स्वतः जमलं पाहिजे' हा हट्ट. दर महिन्याला स्वतःची परीक्षा घ्यायची आणि नापास व्हायचं. निदान झाल्यावर ती परीक्षाच बंद केली. अँग्झायटीची गोळी निम्म्यावर आली, ती मात्र मॅडमच्या सल्ल्यानं, मनानं नाही.

आईचंही सांगते. एडीएचडी म्हणायला बारा वर्षांच्या आधीपासून काही लक्षणं दिसलेली असावी लागतात, म्हणून मॅडमना माझं लहानपण हवं होतं. आईनं माळ्यावरून माझी सगळी प्रगतिपुस्तकं काढली, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली होती. तिसरीच्या पुस्तकात शेरा: 'डबा, पट्टी, दप्तर वर्गात विसरते. गृहपाठ केलेला असतो पण आणत नाही.' मॅडमनी तो मोठ्यानं वाचला आणि आईला विचारलं, तेव्हा तुम्ही काय करत होतात? आई म्हणाली, रोज संध्याकाळी शाळेच्या शिपायाकडून दप्तर घेऊन यायचे. मला हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं दप्तर घरीच असतं!

काकांचा निरोप वाचून दाखवला. काही बोलली नाही, पण रात्री मावशीला फोनवर शब्दन् शब्द सांगत होती.

पारिजात_त्रिमूर्तीनगर

मी समुपदेशक आहे. वरच्या अँग्झायटीच्या गोळीच्या मुद्द्याला धरून लिहिते, कारण हा गोंधळ नेहमी पाहते.

अशा बऱ्याच जणांच्या बाबतीत काळजी हाच गजर असतो. लक्ष आपोआप लागत नाही, म्हणून माणूस भीतीवर काम काढतो. दहा वेळा कुलूप तपासायचं, रात्री उठून ईमेल बघायचा, ट्रेनच्या दोन तास आधी स्टेशनवर जाऊन बसायचं. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आतून माणूस पिळून निघतो. नुसती काळजी औषधानं कमी केली की गजर बंद होतो, कामं घसरतात, आणि पेशंट म्हणतो गोळीनं मी बिघडलो. उलट बाजूही आहे: नैराश्य खोल असेल तर आधी त्याला हात घालावा लागतो, एडीएचडीचे उपचार थोडे मागाहून चालतात. नुसतं नेटवरचे सहा प्रश्न भरून हे ठरत नाही. ती चाळणी आहे, निदान नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोपेतलं घोरणं, आणि मुदतपूर्व असाल तर डोळे आणि कान हेही एकदा तपासून घ्या. ऐकू कमी येणाऱ्यालाही लोक लक्ष नसलेला म्हणतात.

कॅनडात ओंटारिओमध्ये १९७७ ते १९८२ दरम्यान एक किलोच्या आत जन्मलेल्यांचा पाठपुरावा मॅकमास्टर विद्यापीठानं केला. तिशीत त्यांच्यात मानसिक आजाराची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट निघाली, पण दारू-नशेच्या आहारी जाणं उलट कमी. ही माणसं सहसा जपून वागणारी, मागे राहणारी असतात. त्यामुळे 'माझं काही बिघडलंय' असं ओरडून सांगतही नाहीत.

प्रौढांसाठी एडीएचडीला धरून बेतलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत, असते. त्यात वेळ, कागद, पैसे, टाळाटाळ यांवर थेट काम होतं. नुसतं 'सकारात्मक विचार करा' असं कोणी सांगत असेल तर दुसरीकडे जा.

अनामिक_सदस्य

नाव लपवून लिहितोय. ३० आठवड्यांचा, वय ३८, लग्न नाही. मुली पाहायला जायचो तर बोलणं सुचत नसे, नंतर घरचे म्हणायचे मुलगा घुमा आहे. पत्रिकेत जन्मवेळ मिनिटासकट लिहिली, आठवडे कोणी लिहिले नाहीत. गेल्या पावसाळ्यात फार वाईट विचार यायचे. आता बरा आहे. एवढंच सांगायचं होतं की एकटा नाही हे इथे वाचून बरं वाटलं.

पारिजात_त्रिमूर्तीनगर

दादा, लिहिलंत हे फार चांगलं केलं. ते विचार पुन्हा आले तर १४४१६ लावा, टेली-मानस, फुकट आहे आणि रात्री-बेरात्रीही चालतं. मराठीत बोला बिनधास्त. आणि ज्यांच्याकडे उपचार चालू आहेत त्यांच्यापासून हे लपवू नका.

लग्नाचं म्हणाल तर २०१९ साली ४४ लाख प्रौढांची माहिती एकत्र करून पाहिलं गेलं. मुदतपूर्व जन्मलेल्यांचं नातं जुळण्याची शक्यता २८ टक्क्यांनी कमी निघाली. पण ज्यांचं जुळलं त्यांच्या नात्याचा दर्जा इतरांइतकाच. म्हणजे अडतं ते दारातच. पाहण्याच्या कार्यक्रमात वीस लोकांसमोर पोह्यांची बशी धरून बोलायला कोणालाही सुचणार नाही, एकेकट्याला भेटा.

मनीषनगरची

हे सगळं ठीक आहे, पण खर्च? खाजगीत एकेका बैठकीला जी फी लागते ती दर आठवड्याला कोणाला परवडते? कोणी सरकारी सांगा.

हिंगणा_शिफ्ट

मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, मिहानमध्ये एम्स आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडीही आहे, पण तिथं जायचं म्हटलं की घरचे 'पागलखाना चौक' म्हणून हसतात. हसू द्या. सकाळी लवकर जा, सोबत पाण्याची बाटली आणि एक माणूस ठेवा. एकटं गेलं की नंबर पुकारतात तेव्हाच आपलं ध्यान दुसरीकडं असते, मी स्वतःचा नंबर असाच घालवला आहे.

विम्याचं पण विचारा. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा म्हणते की शारीरिक आजाराले विमा मिळते तसाच मानसिक आजारालेही मिळाला पाहिजे. एजंट 'नाही होत' म्हणाला तर कायद्याचं नाव घ्या.

सुमन_मावशी

आठवडे किती ते मुलाला ठाऊक नाही, मलाही अंदाजानंच. जन्मदाखल्यावर सापडेल का?

धंतोलीकर_काका

नाही मावशी, दाखल्यावर आठवडे नसतात आणि वजनही नसतं. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड शोधा. ते नसेल तर लसीकरणाच्या जुन्या कार्डावर जन्मवजन लिहिलेलं असतं बऱ्याचदा. तेही नसेल तर तुमची शेवटची पाळी, डॉक्टरांनी दिलेली तारीख आणि प्रत्यक्ष जन्म यावरून काढता येतं. तारीख सणावारावरून आठवत असेल तर तसं लिहा, मी हिशोब करून देतो. शिवाय श्वासाला मशीन लागलं होतं का, कावीळ किती होती, झटके आले होते का, डोळे तपासले होते का, एवढं आठवेल तसं एका कागदावर उतरवा आणि मुलाच्या फायलीत लावा.

सुमन_मावशी

डॉक्टरांनी दिलेली तारीख दिवाळीतली होती, लक्ष्मीपूजनाच्या आसपासची. झाला तो नागपंचमीच्या दोन-तीन दिवस नंतर. साल १९९४. मशीन नव्हतं, प्राणवायूची नळी होती. कावीळ होती, निळ्या दिव्याखाली ठेवला होता.

तर्रीपोहा

मावशी, कार्ड शोधताना माळ्यावरचा डबा खाली उतरवायले माणूस लागला तर सांगा, मी मनीषनगरलेच राहतो. काका, माझ्या लहान भावाचं एक विचारायचं होतं. तो सातव्या महिन्यातला नाही, पूर्ण दिवसांचा आहे, पण बाकी सगळं ताईनं लिहिलं तसंच आहे. इथं लिहू की व्यनि (खाजगी निरोप) करू?

धंतोलीकर_काका

इथेच लिहा, नाव-गाव गाळून. वय, शाळेतलं काय आठवतं, आणि वडिलांचा स्वभाव, एवढ्यापासून सुरू करा. मावशी, तुमचा हिशोब पंचांग पाहून उद्या देतो.